शस्त्रक्रियेनंतरची तीस वर्षे : मेंदूतील कृत्रिम रोपणांचा इतिहास

मेंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा धाडसी शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. त्याच इतिहासाची एक बाजू वस्तूंची आहे आणि ती कमी सांगितली जाते. शस्त्रक्रिया संपते, टाके निघतात, रुग्ण घरी जातो. परंतु कवटीच्या आत बसवलेली नळी, झडप, पडदा किंवा पत्रा तेथेच राहतो. शस्त्रक्रियेला काही तास लागतात, तिच्या यशापयशाची मोजदाद वर्ष-दोन वर्षे चालते आणि वस्तू मात्र रुग्णाच्या देहात तीस-चाळीस वर्षे काढते. या तीन कालमानांतील तफावतीमुळे वैद्यकशास्त्राला एक अवघड प्रश्न पडला : जे संकट वस्तू बसवणाऱ्याच्या हयातीत किंवा नोकरीत कदाचित दिसणारच नाही, ते ओळखायचे कोणी आणि कसे?

बंगळुरूमध्ये या प्रश्नाचे दोन धागे एकत्र येतात. होसूर रस्त्यावरील ‘निम्हान्स’, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, ही म्हैसूर संस्थानाच्या काळातील मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली उभी राहिली. तिचे पहिले संचालक डॉ. आर. मार्तंड वर्मा हे स्वतः मेंदूचे शल्यविशारद होते. याच संस्थेच्या चेताविकृतिशास्त्र विभागात मेंदूंचे संग्रहालय आहे आणि डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभारलेला मानवी मेंदूऊतींचा राष्ट्रीय संग्रहही आहे. दुसरा धागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, भारतीय विज्ञान संस्थेत आहे. तेथे कवटीचे हाड भरून काढणाऱ्या पदार्थांवर संशोधन चालते. पहिल्या ठिकाणी भूतकाळ जपला जातो, दुसऱ्या ठिकाणी भविष्यातील रोपणे घडवली जातात. रोपणांचा इतिहास पाहता या दोन कामांना एकमेकांची गरज का आहे, हे ध्यानात येते.

आरंभी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सोने, टँटॅलम, सिलिकोन, टेफ्लॉन यांना ‘निष्क्रिय’ पदार्थ म्हटले जाते. हे विधान रसायनशास्त्राचे आहे. जीवशास्त्र ते जसेच्या तसे मान्य करत नाही. परकी वस्तू आत आली की प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर तिच्या पृष्ठभागावर बसतो. मग भक्षक पेशी तिला गिळण्याचा प्रयत्न करतात. वस्तू मोठी असल्याने ते साधत नाही, तेव्हा अनेक पेशी एकत्र येऊन महाकाय पेशी बनतात आणि शेवटी शरीर त्या वस्तूभोवती तंतुमय आवरण विणते. मेंदूच्या प्रत्यक्ष ऊतीत हेच काम ग्लिया पेशी करतात. शरीर परक्या वस्तूला स्वीकारते असे म्हणण्यापेक्षा ते तिला बंदिस्त करते, असे म्हणणे योग्य. ही बंदिस्ती बहुतेक वेळा शांततेत टिकते. पण ते आवरण जिवंत असते, त्यात रक्तवाहिन्या असतात आणि वर्षांनुवर्षे ते बदलत राहते. उशिरा होणाऱ्या अनेक गुंतागुंतींचे मूळ येथेच आहे.

पहिला अध्याय मेंदूच्या आवरणाचा. मेंदूभोवती तीन पडदे असतात; सर्वांत बाहेरचा जाड, चिवट पडदा म्हणजे ड्युरा, मराठीत दृढतानिका. गाठ काढताना किंवा जखमेत हा पडदा नष्ट झाला तर तेथे ठिगळ लावावे लागते, अन्यथा मेंदूभोवतालचे द्रव बाहेर झिरपते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या ठिगळासाठी सोन्याचा वर्ख, रबराचे पापुद्रे, प्राण्यांच्या ऊती असे नाना पदार्थ वापरून पाहिले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टँटॅलम धातूचा पत्रा आला आणि त्यानंतर प्लॅस्टिकच्या युगाने पर्यायांची रांगच लावली. १९६० च्या दशकात डॅक्रॉनच्या जाळीवर सिलिकोनचा लेप दिलेला पातळ पडदा उपलब्ध झाला. तो मऊ होता, शिवायला सोपा होता, मेंदूला चिकटत नव्हता. शल्यविशारदाला हवे असलेले सर्व गुण त्यात होते.

त्याचा दोष त्याच्या गुणातच दडलेला होता. पडदा कशालाही चिकटत नसल्याने तो भोवतालच्या ऊतींत कधीच मिसळून गेला नाही. शरीराने त्याच्या दोन्ही बाजूंना नवे आवरण विणले आणि त्या आवरणात नाजूक, सहज फाटणाऱ्या रक्तवाहिन्या वाढल्या. पडद्याची किंचितशी हालचाल किंवा डोक्याला बसलेला क्षुल्लक धक्का त्या फाटण्यास पुरेसा ठरे. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी, क्वचित दशकाहूनही अधिक काळाने, पडद्यालगत अचानक रक्तस्राव झाल्याचे अहवाल १९७० च्या दशकापासून प्रसिद्ध होऊ लागले. रुग्णाची मूळ व्याधी कधीच बरी झालेली असे. नवे संकट उपचारातून उद्भवलेले असे. रक्ताची गाठ काढून भागत नसे, पडदाही काढावा लागे.

कृत्रिम पडद्यांच्या अशा अडचणींमुळे ‘नैसर्गिक’ पर्याय अधिक सुरक्षित वाटणे स्वाभाविक होते. १९६९ पासून जर्मनीतील बी. ब्राउन मेलसुंगेन ही कंपनी मृत व्यक्तींच्या ड्युरापासून तयार केलेले ‘लायोड्युरा’ विकत होती. ती ऊती गोठवून सुकवलेली आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली असे. ती कृत्रिम नव्हती. तरी कृत्रिम रोपणांच्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा तिनेच दिला. १९८७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एका अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये तिला लायोड्युराचे ठिगळ लावले होते आणि त्यानंतर तिला क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग झाला होता. मेंदूची चाळण करणारा हा प्राणघातक रोग सहसा साठीच्या आसपास आणि दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो आणि प्रिऑनमध्ये किरणांनी मोडण्याजोगे जनुकद्रव्य नसल्याने गॅमा किरणांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. शिवाय अनेक मृत दात्यांचे पडदे एकत्र प्रक्रिया केले जात असल्याने एका दात्याचे दूषित द्रव्य इतरांच्या ऊतींपर्यंत पोहोचू शके.

१९८७ मध्ये कंपनीने तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया सुरू केली, पण आधीचा माल बाजारात होता आणि आधी लावलेली ठिगळे रुग्णांच्या डोक्यात होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात ड्युराच्या रोपणातून झालेल्या या रोगाचे २२८ रुग्ण मोजले गेले. त्यांपैकी १४२ एकट्या जपानमधील होते, कारण तेथे या ठिगळांचा वापर फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. रोपण आणि रोग यांतील अंतर सरासरी सुमारे १२ वर्षे आणि कमाल ३० वर्षे आढळले.

या प्रकरणात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की धोका कळला तो मुख्यतः रोगाच्या दुर्मीळतेमुळे. तरुण स्त्रीला असा रोग झाला म्हणून डॉक्टर चकित झाले, मागचे कागद उलगडले गेले आणि त्या कागदांत ठिगळाचे नाव व निर्मितीची तुकडी सापडली. तोच दुष्परिणाम डोकेदुखी किंवा विसराळूपणा अशा नेहमीच्या रूपात आला असता, तर दोन घटनांमधील बारा वर्षांचे अंतर कोणीही जोडले नसते. भारतात हे जोडण्याचे एक साधन निम्हान्समध्ये तयार झाले. डॉ. पी. सतीशचंद्र आणि डॉ. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि या रोगाची राष्ट्रीय नोंदवही त्या संस्थेत ठेवली जाऊ लागली. या रोगाची निःसंशय खात्री मेंदूच्या ऊतीवरूनच होते. त्यामुळे मृत्यूनंतर मेंदूदान करणारी कुटुंबे आणि त्या ऊती दशकानुदशके जपणारे शास्त्रज्ञ यांच्याशिवाय अशी नोंदवही चालू शकत नाही.

दुसरा अध्याय शंटचा, आणि संख्येने पाहता तोच सर्वांत मोठा. मेंदूच्या पोकळ्यांत रोज सुमारे अर्धा लिटर मस्तिष्क-मेरुद्रव तयार होते. कोणत्याही क्षणी शरीरात ते दीडशे मिलिलिटरच्या आसपास असते, म्हणजे दिवसातून तीनहून अधिक वेळा ते बदलले जाते. त्याचा निचरा अडला की पोकळ्या फुगतात, तान्ह्या बाळाचे डोके मोठे होते आणि मेंदू दाबला जातो. या व्याधीला जलशीर्ष म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यातील बहुतेक मुले दगावत किंवा कायमची अपंग होत.

१९४९ मध्ये फिलाडेल्फियात फ्रँक नल्सेन आणि युजीन स्पिट्झ यांनी झडप असलेली नळी बसवून हे द्रव हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडले. काही वर्षांनी जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाचा मुलगा केसी जलशीर्षासह जन्मला. वारंवार सुई टोचून मुलाच्या डोक्यातील द्रव काढले जात असताना होल्टर पाहत होता. नळीतील फट दाब वाढल्यावर उघडते आणि दाब उतरल्यावर मिटते, या साध्या तत्त्वावर त्याने झडप बनवली. टिकाऊ पदार्थ शोधताना तो सिलिकोनपर्यंत पोहोचला. १९५६ च्या मार्चमध्ये ती झडप प्रथम दुसऱ्याच एका बाळाला बसवली गेली. पुढे लाखो मुलांचे प्राण अशा झडपांनी वाचवले आणि उशिरा होणाऱ्या गुंतागुंतींचा एक दीर्घ अभ्यासक्रमही तेथूनच सुरू झाला.

पहिला आघात अनपेक्षित जागी झाला, मूत्रपिंडांवर. १९६५ मध्ये वैद्यकीय साहित्यात ‘शंट नेफ्रायटिस’चे वर्णन आले. रक्तात सोडलेल्या नळीवर त्वचेवरील एरवी निरुपद्रवी वाटणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू वस्ती करत. ते इतके सावकाश वाढत की मोठा ताप येत नसे. मात्र त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि जिवाणूंची द्रव्ये यांच्या जोडगाठी महिनोन्महिने मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचत. मेंदूतील नळीमुळे मूल सुजलेल्या चेहऱ्याने आणि लघवीतील रक्ताने रुग्णालयात येई. दोन अवयवांमधील हा संबंध लक्षात येण्यास काळ लागला. या आणि फुप्फुसांत गुठळ्या जाण्याच्या धोक्यामुळे नळीचे दुसरे टोक हळूहळू हृदयाऐवजी पोटाच्या पोकळीत सोडले जाऊ लागले.

हे जिवाणू प्रतिजैविकांना दाद का देत नाहीत, याचे उत्तर १९७२ मध्ये रॉजर बेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने शोधले. होल्टर झडपांवरील स्टॅफिलोकॉकस एक चिकट द्रव्य तयार करतात आणि त्याच्या आडोशाने राहतात, असे त्यांनी दाखवले. ज्याला आज जैवपटल म्हणतात, त्या कल्पनेच्या आरंभीच्या निरीक्षणांत शंटचे हे काम मोडते. बेस्टन यांनी पुढे प्रतिजैविके मुरवलेल्या नळ्यांवर अनेक वर्षे काम केले. अशा नळ्यांची निर्णायक चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १,६०० रुग्णांत साध्या नळीने संसर्गाचे प्रमाण ६ टक्के, चांदीच्या लेपाच्या नळीने ६ टक्के आणि प्रतिजैविक मुरवलेल्या नळीने २ टक्के आढळले. पहिल्या निरीक्षणापासून भक्कम पुराव्यापर्यंत ४७ वर्षे गेली. चांदीचा लेप कागदावर तितकाच आश्वासक होता. प्रत्यक्ष मोजणीत मात्र तो साध्या नळीहून सरस ठरला नाही.

संसर्ग टळला तरी नळी बिघडायची राहत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन प्रकारच्या झडपांची तुलना झाली. झडप कोणतीही असो, एका वर्षाअखेर सुमारे ६१ टक्के शंट बिघाडाविना चालू होते आणि दोन वर्षांअखेर ४७ टक्के. यामागे बरेचसे भौतिकशास्त्र आहे. मूल आडवे असताना कवटीतील दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. ते उभे राहिले की डोक्यापासून पोटापर्यंत, समजा, अर्ध्या मीटरचा द्रवस्तंभ तयार होतो आणि त्याची ओढ सुमारे ३७ मिलिमीटर पाऱ्याइतकी भरते. साधी झडप ही ओढ पूर्णपणे रोखू शकत नाही. द्रव गरजेपेक्षा जास्त उपसले जाते, मेंदूच्या पोकळ्या आक्रसून भेगेसारख्या होतात आणि नळीची छिद्रे मेंदूच्या भिंतीला टेकून बुजतात. अरुंद नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे आतील साचणीने त्रिज्या निम्मी झाली की, दाब तोच असताना, प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

याच्या जोडीला पदार्थाचे वार्धक्य आहे. बसवताना सिलिकोनची नळी लवचीक असते आणि त्वचेखाली सहज सरकते. आठ-दहा वर्षांनी तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियमचे थर चढतात, नळी ठिसूळ होते आणि मानेजवळच्या ऊतींना घट्ट चिकटते. दरम्यान मूल वाढत असते. एकीकडे नळी जखडलेली आणि दुसरीकडे उंची वाढणारी, अशा ताणात ती बहुधा मानेपाशी तुटते. कधी पोटातील टोक आतड्याच्या किंवा बेंबीच्या वाटेने बाहेर आल्याच्या घटनाही भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. चुंबकाने बाहेरून दाब बदलता येणाऱ्या आधुनिक झडपांनी काही पुनर्शस्त्रक्रिया टाळल्या. परंतु एमआरआय यंत्राच्या किंवा अगदी जवळ आणलेल्या एखाद्या बलवान चुंबकाच्या प्रभावाने त्यांतील काहींची मांडणी बदलू शकते, ही नवी काळजीही त्यांच्यासोबत आली.

भारतात या कथेला दोन वेगळे पदर आहेत. पहिला क्षयाचा. येथे जलशीर्षाचे एक मोठे कारण क्षयजन्य मेंदूज्वर हे आहे. या रुग्णांतील द्रवात प्रथिने अधिक असतात, आवरणे चिकटलेली असतात आणि शरीर आधीच खंगलेले असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यविशारदांनी अशा ११४ रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेली चार पायऱ्यांची प्रतवारी आजही ‘पालूर श्रेणी’ म्हणून विद्यार्थी शिकतात. शंटचा अंतिम परिणाम नळीइतकाच रुग्णाच्या आरंभीच्या अवस्थेवर अवलंबून असतो, हे त्यातून ठळक झाले.

दुसरा पदर किमतीचा. परदेशी झडपा सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यविशारद डॉ. पी. उपाध्याय आणि लखनौचे डॉ. डी. के. छाब्रा यांनी स्वदेशी, स्वस्त शंट विकसित केले. छाब्रा शंट उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनू लागला आणि आफ्रिकेपर्यंत पोहोचला. युगांडात अमेरिकी शल्यविशारद बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांत त्याची तुलना एका महागड्या अमेरिकी झडपेशी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका वर्षाअखेरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. किमतीत मात्र फार मोठी तफावत होती : एकीकडे सुमारे ३५ डॉलर, दुसरीकडे सुमारे ६५० डॉलर. स्वस्त म्हणजे निकृष्ट, हा समज त्या मोजणीने दूर केला. त्याच वॉर्फ यांनी पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नैसर्गिक वाट करून देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. दूरवरच्या खेड्यातील मुलाची नळी दहा वर्षांनी अडली तर त्याला वेळेत रुग्णालयात पोहोचता येईलच असे नाही. म्हणून जेथे शक्य आहे तेथे कायमची वस्तू न ठेवणे श्रेयस्कर, असा तो विचार आहे.

हाच विचार आपल्याकडील खऱ्या अडचणीकडे बोट दाखवतो. तान्हेपणी शंट बसवलेले मूल दहा-पंधरा वर्षे उत्तम राहते. कुटुंब गाव बदलते. बेळगाव सोडून पुण्याला, किंवा सोलापूर सोडून बंगळुरूला जाते. जुना केसपेपर हरवतो, झडपेचे नाव कोणालाच आठवत नाही. एके दिवशी डोके दुखते, उलट्या होतात, मुलगा सुस्तावतो. नव्या डॉक्टरला लहानपणीच्या शस्त्रक्रियेची माहिती दिली नाही, तर पित्त, विषाणूजन्य ताप किंवा परीक्षेचा ताण यांवर उपचार सुरू होतात आणि हाताशी असलेले मोजके तास निघून जातात. लायोड्युराचा धोका त्याच्या विचित्रपणामुळे उघड झाला. शंटचा बिघाड त्याच्या सामान्यपणामुळे झाकला जातो.

तिसरा अध्याय कवटीचा. अपघातानंतर सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढला जातो. बंगळुरूसारख्या दुचाकींच्या शहरात अशा शस्त्रक्रिया नित्याच्या आहेत. तो तुकडा अनेकदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात आणि काही आठवड्यांनी परत बसवतात. तो खराब झाला तर कृत्रिम पर्याय लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून यासाठी अॅक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, वापरात आहे. दातांच्या कवळीतही हाच पदार्थ असतो. तो स्वस्त, हलका आणि क्ष-किरणांना पारदर्शक आहे. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर कालवून घडवताना त्याची अभिक्रिया बरीच उष्णता सोडते आणि न जुळलेला एकवारिक द्रव ऊतींना त्रास देतो. तो हाडाशी एकजीव होत नाही. मध्ये तंतुमय पडदा राहतो. त्यामुळे वर्षांनंतर तुकडा सैल होणे, तडकणे किंवा त्याच्याभोवती उशिरा संसर्ग होणे, या त्याच्या ठाऊक असलेल्या गुंतागुंती आहेत.

भारतीय विज्ञान संस्थेच्या पदार्थ संशोधन केंद्रातील बिक्रमजित बसू यांच्या गटाने बंगळुरूच्याच रामय्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारदांसमवेत या जुन्या पदार्थावर नवे काम केले. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्रिमितीय छपाईने कवटीची प्रतिकृती बनवायची आणि तिच्या आधारे अॅक्रिलिकचा तुकडा शस्त्रक्रियेआधीच नेमक्या मापाचा घडवायचा, अशी ही पद्धत. उष्णता आणि उरलेले एकवारिक यांची समस्या देहाबाहेरच आटोपते आणि मापही अचूक येते. या पद्धतीचा प्राथमिक चिकित्सालयीन अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. प्राथमिक अभ्यास सुरक्षिततेचे पहिले उत्तर देतो. अंतिम उत्तर त्या मोजक्या रुग्णांच्या पुढील वीस वर्षांत दडलेले असते.

रोपणांची पुढची पिढी तर आणखी नाजूक आहे. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने पहिल्या मानवी मेंदूत एक हजाराहून अधिक विद्युदग्रे असलेली सूक्ष्म सूत्रे बसवली. काही महिन्यांतच त्यांतील बरीच सूत्रे मेंदूतून मागे सरकल्याचे कंपनीने जाहीर केले. मेंदू प्रत्येक ठोक्यासरशी आणि श्वासासरशी हलतो, आणि परक्या वस्तूभोवती तो व्रण विणतो. केवळ संगणकीय कौशल्याने या गोष्टी टळत नाहीत. ज्यांनी शंटचा इतिहास वाचला आहे, त्यांना या बातमीने धक्का बसण्याचे कारण नव्हते.

मग प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून केंब्रिजमधून देशव्यापी शंट नोंदवही चालवली गेली. भारतात ६ जुलै २०१५ रोजी वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांचा त्यात प्रमुख सहभाग राहिला. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. चौकट उभी आहे. परंतु अशी चौकट दुष्परिणाम कळवला गेला तरच काम करते, आणि तीस वर्षांनी येणारा दुष्परिणाम कळवण्यासाठी तो तीस वर्षांपूर्वीच्या वस्तूशी जोडता आला पाहिजे. कोणती झडप, कोणती तुकडी, कोणत्या तारखेला, या तीन ओळी हरवल्या की कायदाही आंधळा होतो.

म्हणून रोपणाची व्याख्याच थोडी विस्तारावी लागेल. सिलिकोनची नळी हा रोपणाचा एक भाग झाला. तिची नोंद हा दुसरा भाग. नळी मेंदूला वाचवते आणि नोंद नळीपासून मेंदूला वाचवते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने नव्या पॉलिमरची ताणशक्ती मोजताना, दहा वर्षे शरीराच्या खारट, उष्ण, सतत हलणाऱ्या वातावरणात राहिल्यावर ती किती उरेल, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. आणि शल्यविशारदाने काढून टाकलेली जुनी, तुटलेली नळी कचऱ्यात न जाता शक्य तेथे प्रयोगशाळेत जावी. ज्या पुराव्यासाठी तीस वर्षे थांबावे लागते, तो तिच्यावर आधीच लिहिलेला असतो.

ज्या घरात शंट, कृत्रिम कवटी किंवा मेंदूतील अन्य रोपण असलेली व्यक्ती आहे, त्या घरासाठी या इतिहासाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. डिस्चार्ज कार्ड आणि रोपणाच्या वेष्टणावरील चिकटपट्टी यांची छायाप्रत मोबाइलमध्ये आणि एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. कोणत्याही नव्या डॉक्टरला, दंतवैद्यालाही, रोपणाविषयी पहिल्याच वाक्यात सांगावे आणि एमआरआयपूर्वी तर आवर्जून सांगावे. शंट असलेल्या व्यक्तीला वाढती डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, दृष्टीतील बदल किंवा नळीच्या मार्गावर लाली-सूज दिसली, तर शस्त्रक्रियेला किती वर्षे झाली याचा हिशेब न करता त्याच दिवशी मेंदूच्या शल्यविशारदांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पंधरा वर्षे त्रास झाला नाही, ही नळी चांगली असल्याची खूण आहे. ती यापुढेही चालेल याची हमी नव्हे.